इरल्याखालचा कॅमेरा

राजूरला बदली होऊन आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात माझा चामड्याचा पट्टा हिरवा झाला. खुंटीला टांगलेला होता, पंधरा दिवस हात लागला नव्हता, काढून बघतो तर त्यावर शेवाळासारखी मऊ लव. बायकोनं तो दोन बोटांत धरून अंगणात नेला आणि म्हणाली, "तुम्हीही फार वेळ एका जागी बसत जाऊ नका."

मी नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातला. आमच्याकडे पाऊस ही वाट बघायची गोष्ट. विठ्याचा घाट चढून राजूरला आलं की जिल्हा तोच राहतो, पाऊस बदलतो. आणखी पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर सहज कोसळतो. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. टँकरची मागणी आणि अतिवृष्टीचे पंचनामे एकाच जिल्हा कचेरीत एकाच महिन्यात येतात, ते यामुळे.

पट्ट्याची गोष्ट आधी सांगितली, कारण पुढं माझ्या दोन कॅमेऱ्यांचं जे झालं त्याची नोटीस त्या पट्ट्यानं तेव्हाच बजावली होती. मी ती वाचली नाही.

मी कृषी सहायक. खेड्यातल्या भाषेत भाऊसाहेब. तलाठीही भाऊसाहेब, ग्रामसेवकही भाऊसाहेब. यातला कुठला आलाय ते लोक काखेतल्या कागदांवरून ओळखतात. 2010 च्या सुमाराला आमच्या कागदांना फोटो जोडायचं सुरू झालं. चारसूत्री पद्धतीनं भात लावला, जोडा फोटो. मजगीचं काम झालं, जोडा फोटो. पावसानं भात आडवा झाला, पंचनाम्याला फोटो. त्यात शेतकरी उभा पाहिजे, मागे पडलेलं पीक दिसलं पाहिजे आणि कोपऱ्यात तारीख उमटली पाहिजे. कॅमेरा कुणाचा वापरायचा, याबद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. शेवटी संगमनेरला जाऊन सहा-सात हजारांत एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आलो.

साबणाच्या वडीएवढा. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. शर्टाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी बसायचा. बटण दाबलं की कासवानं मान काढावी तशी लेन्स बाहेर यायची, दुसऱ्यांदा दाबलं की आत. असले चपटे कॅमेरे निघायला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. कॅननचा डिजिटल इक्सस 2000 सालचा, आणि कॅसिओनं 2002 मध्ये एक्झिलिम काढला तो जेमतेम 11 मिलिमीटर जाड होता. राजूरला ही लाट पोचेपर्यंत ती स्वस्त झाली होती. उशिरा पोचण्याचे काही फायदे असतात.

त्याला एकच खोड होती. बॅटरी पूर्ण उतरली आणि दोन दिवस चार्ज करायची राहिली की त्याचं घड्याळ उलटं फिरून 1 जानेवारी 2008 वर जाऊन बसायचं. डोंगरातल्या वाड्यांवर वीज आली तर आली, त्यामुळे हे वरचेवर व्हायचं. एकदा सप्टेंबरातल्या अतिवृष्टीच्या पंचनाम्यावर ही तारीख उमटली. फोटोत शेतकरी घोटाभर पाण्यात उभा, मागे भात झोपलेला, आणि कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत एक जानेवारी. साहेबांनी समासात शेरा मारला, 'खुलासा करावा.' मी केला. खुलाशाला अजून उत्तर आलेलं नाही.

मोठा कॅमेरा आला तो पुढच्या वर्षी, 2011 च्या दिवाळीत, आणि तो निव्वळ हौसेनं. डीएसएलआर ही तोपर्यंत लग्नाच्या शूटिंगवाल्यांची नि वर्तमानपत्रवाल्यांची चीज होती. पण कॅननच्या 300-डीनं 2003 मध्ये हौशी माणसासाठी दार किलकिलं केलं आणि आठ वर्षांत ते सताड उघडलं. त्या दिवाळीत नाशिकच्या दुकानांत निकॉनचा डी-3100 आणि कॅननचा 1100-डी शेजारी शेजारी मांडलेले असायचे. नवशिक्यांसाठीचे, पहिल्या पायरीचे. सोबत 18-55 ची लेन्स, एक काळी पिशवी, आणि दुकानदाराकडून स्टँड फुकट. त्यातलाच एक मी घेतला. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. अर्जात कारण काय लिहिलं ते इथं सांगत नाही, नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत.

"एक आहे ना खिशात?" बायको म्हणाली.

"ते ऑफिसचं काम. हा कॅमेरा."

गंमत अशी की दोन्हींच्या खोक्यावर आकडा एकच होता, 14 मेगापिक्सेल. मी दुकानात विचारलं, मग पाचपट पैसे कशाचे? तो म्हणाला, "क्वालिटीचे." हे उत्तर देऊन दुकानदार चहा घ्यायला जातात. उत्तर मला सापडलं ते घरी, पन्हळीखाली लावलेली भांडी बघताना. पावसात अंगणात एक घंगाळ ठेवा आणि एक चमचा ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो; घंगाळात अंघोळीपुरतं पाणी जमतं, चमच्यात जमतं ते घोटालाही पुरत नाही. कॅमेऱ्यात उजेड असाच जमतो. ज्या चकतीवर तो जमतो त्या सेन्सरचा आकार छोट्या कॅमेऱ्यात साधारण 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून कमी. मोठ्यात 23 गुणिले 15, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढा. क्षेत्रफळात बारा पटींच्या आसपास फरक. आणि दोन्हींत कप्पे तेवढेच, एक कोटी चाळीस लाख! छोट्याच्या प्रत्येक कप्प्यात किती उजेड पडत असेल याची कल्पना करा. भर उन्हात काही कळत नाही, कारण तेव्हा सगळीच भांडी भरतात. संध्याकाळी चुलीच्या उजेडात काढलेल्या फोटोत मात्र माणसाच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसायचा. मोठा कॅमेरा त्याच चुलीपाशी गाल मऊ ठेवायचा आणि निखाऱ्याचा लाल तो लालच.

एवढं कळल्यावर मी पुरता मोठ्याच्या पक्षात गेलो. त्या हिवाळ्यात रविवार म्हटला की पिशवी गळ्यात. अमृतेश्वराच्या देवळावरचं कोरीवकाम, 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण आणि त्यामागचा निळा जलाशय, कळसूबाईच्या शिखरावरची पहाट. 1646 मीटर, महाराष्ट्राचं डोकं. तिथं मी पावणेदोन पोती सामान वाहिल्यासारखा धापा टाकत पोचलो आणि 200 फोटो काढले. सगळे सुरेख. लोकांनी कॅलेंडरला मागितले.

आणि मग जून आला.

पहिल्या पायरीच्या डीएसएलआरला पावसापासून संरक्षण नसतं. महागड्या कॅमेऱ्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या असतात, याला नाहीत. ही सोय राजूरमध्ये कुणाला असेल तर ती डांगी बैलाला. काळे-पांढरे ठिपके असलेलं हे जनावर याच पट्ट्यातलं. त्याच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो आणि कितीही झोडपलं तरी पाणी अंगावरून घरंगळून जातं. राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, मालकांच्या डोक्याला कडक फेटे. मोठ्या कॅमेऱ्यातनं मी तिथं बैलांचे दोन-तीनशे फोटो काढले असतील. सगळे बैल कोरडे. ज्या गुणासाठी हे जनावर नावाजलंय तो गुण मोठ्या कॅमेऱ्यानं एकदाही पाहिलेला नाही.

एकदा प्रयत्न केला. जुलैत रंधा धबधब्यावर दुधाच्या पिशव्या जोडून कॅमेऱ्याला कुंची शिवली, लेन्सपुरतं भोक ठेवलं. दहा मिनिटांत आतून घाम सुटला. काचेवर वाफ, त्यापलीकडे प्रवरा पांढरी होऊन खाली पडतेय, आणि मी रुमालानं काच पुसतोय तर रुमालच ओला. घरी येऊन कॅमेरा पंख्याखाली उलटापालटा वाळवला. त्यानंतर जून ते सप्टेंबर त्याला पिशवीबाहेर काढलं नाही. पिशवी कुठं ठेवायची हा प्रश्न होता. आमच्या शेजारच्या काकूंचा सल्ला असा की दमट हवेत कुठलीही नाजूक वस्तू तांदळात ठेवावी. घरात काळभाताचा डबा होता, त्यात कॅमेरा गेला. कधी काढला तर आधी त्यावरचा कोंडा झटकायचा, आणि एखादा पोरकिडा असला तर तो.

म्हणजे वर्षाचे चार महिने, तेही राजूरचे खरे महिने, माझ्यापाशी फक्त तो खिशातला. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोंत राजूरला पाऊसच पडत नाही. ते फोटो बघून कुणी इथं राहायला आला तर पहिल्या आठवड्यात माझ्यावर दावा लावेल.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मला वाड्यावाड्यांवर फिरावं लागायचं. एका वाडीत एक म्हातारी होती, सगळे तिला आजी म्हणायचे, मीही. साठीच्या पुढची, पण आवणीला सगळ्यांच्या आधी खाचरात. पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक. वाकलेल्या माणसाला डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकणारं ते छप्परच. मला प्रात्यक्षिकाचे फोटो हवे होते. पाऊस असा की छत्री उलटी झाली. आजी न वळता म्हणाल्या, "भाऊसाहेब, आत या." मी खरंच इरल्याच्या कडेखाली डोकं घातलं. आत चिखलाचा, घामाचा आणि मशेरीचा वास. बाहेरचा पाऊस प्लास्टिकवर तडतडत होता, आत मात्र बोलणं ऐकू येईल इतकी शांतता. त्यांचे हात थांबले नव्हते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्याची तीन बोटं दोन-तीन रोपं सोडवून घ्यायची, अंगठ्यानं मुळाशी दाब, चिखलात बुडवून बोटं वर. एका श्वासात दोन चूड. मी खिशातनं कॅमेरा काढला आणि त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर धरला. मोठा कॅमेरा तिथं मावलाच नसता, आणि मावला असता तरी त्याची ती लेन्स इतक्या जवळचं पकडत नाही. छोट्यावर फुलाचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते दाबलं की जवळचं दिसतं. आजींनी एकदाच विचारलं, "तुमची ती पेटी कुठाय?" म्हटलं, तांदळात. त्या इतक्या हसल्या की एक चूड वाकडा लागला. तोही फोटोत आहे.

त्याच आजींचा मोठ्या कॅमेऱ्यातला फोटो डिसेंबरातला. सोंगणी-झोडणी उरकली होती, मी मुद्दाम पेटी घेऊन गेलो. त्यांनी मला तासभर बसवलं. आत गेल्या, अंघोळ केली, पेटीतलं हिरवं लुगडं नेसल्या, कपाळाला मोठं कुंकू लावलं आणि ओट्यावर पाट टाकून त्यावर बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. नातवाला म्हणाल्या, "हसवू नको." मोठ्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य त्यावरून उसळून वर डोळ्याला दिसतं; बटण दाबलं की आरसा वर उडतो, मागचा पडदा उघडतो आणि तेवढा क्षण डोळ्यापुढं अंधार. तो 'खट्याक' आवाज त्याचाच. गंमत बघा, ज्या क्षणाचा फोटो निघतो तेवढाच क्षण काढणाऱ्यानं पाहिलेला नसतो. छोट्याला आरसा नाही, तो सगळं पडद्यावर दाखवतो, पण बटण दाबल्यावर पाव-अर्धा सेकंद विचार करतो. उधळलेल्या बैलांच्या नुसत्या शेपट्यांचा त्यानं काढलेला मोठा संग्रह माझ्याकडे आहे. आजींच्या बाबतीत याला अर्थ नव्हता. आरसा पडायच्या आधी, पडताना, पडल्यानंतर, त्या तशाच बसल्या होत्या.

त्या गेल्या तेव्हा मुलगा फोटो मागायला आला. मी दोन्ही दाखवले. माझा जीव इरल्यातल्या फोटोत. चेहरा अर्धाच दिसतो, पण नाकाच्या शेंड्यावर थेंब लोंबतोय आणि ओठ हसून हसून बाजूला गेलेत. मुलानं तो बघितला, मान हलवली. "चिखलातला नको, भाऊसाहेब. तो दुसरा." मी जरा समजावायला गेलो आणि गप्प बसलो. नेसलेलं लुगडं, लावलेलं कुंकू, तासभराची तयारी. कुठला फोटो लावायचा ते आजींनीच डिसेंबरात ठरवून ठेवलं होतं, मी कोण? पुढं तालुक्याच्या स्टुडिओत त्यांची आकृती कापून मागे निळं आभाळ आणि ढग टाकले, आणि त्याचा फ्लेक्स रस्त्याकडेला लागला. मी ज्या धूसर पार्श्वभूमीसाठी निर्वाह निधीतून पैसे काढले होते ती अशी कात्रीनं गेली.

फोटोतला माणूस कसा दिसावा हे कुणी ठरवायचं, असा विचार त्या फ्लेक्ससमोर उभं राहून मनात आला आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या फ्लेक्सकडे लक्ष गेलं. त्यावर इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे. इथून जवळच्या देवगावचे; 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. फोटो काढायची युक्ती जगात जाहीर होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आज फ्लेक्सवर, पुतळ्यात जो चेहरा आपण बघतो तो कलावंतांनी दिलेला आहे. आजींनी निदान स्वतःचा स्वतः निवडला.

मोठ्या कॅमेऱ्यावर अन्याय नको. एक गोष्ट त्यानं अशी केली की छोट्याला सात जन्मांत जमली नसती. मेअखेर ते जूनचा मध्य, पाऊस धो धो लागायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस, आमच्या भागात काजवे पेटतात. पुरुषवाडीला, भंडारदऱ्याच्या बाजूला. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, ठरावीक झाडं असतात. अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं, जणू कुणी आत श्वास घेतंय. नर काजवे मादीला खुणावतात, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यासाठी पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते, आणि गाड्यांच्या दिव्यांनी त्या खुणा पुसल्या जातात.

छोट्या कॅमेऱ्यानं काजव्यांचा फोटो काढला की मिळायचा काळा चौकोन. मोठा मी स्टँडवर लावला, लेन्स हातानं लांबच्या झाडावर नेमकी केली, पडदा तीस सेकंद उघडा ठेवला. फोटोत झाडाच्या प्रत्येक फांदीवर हिरवे-पिवळे ठिपके. असे तीसएक फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की झाड नुसतं लखलखतं. हा माझा सगळ्यांत जास्त वाखाणला गेलेला फोटो. गावातल्या एका पोरानं तो पाहिला आणि सरळ विचारलं, "एवढे काजवे कधी होते?" नव्हते. म्हणजे होते, पण एका वेळी नव्हते. पंधरा मिनिटांचे काजवे मी एका रात्रीच्या एका क्षणावर चिकटवले होते. असलं झाड कुणाच्या डोळ्यानं पाहिलेलं नाही.

काजव्यांच्या बाबतीत खोटेपणा छोट्यानंही केलाय, तो त्याच्या ऐपतीप्रमाणे. जुलैतल्या एका रात्री धुकं आणि बुरबुर पाऊस असताना मी त्याच्या फ्लॅशवर अंगणाचा फोटो घेतला. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो. समोरचे थेंब त्यात उजळतात आणि नजरेच्या टप्प्याबाहेर असल्यामुळं पांढऱ्या गोल टिकल्या होऊन उमटतात. फोटोभर टिकल्याच टिकल्या. आईला दाखवला तर ती म्हणाली, "आता काजवे? जुलैत?"

छोटा गेला 2014 च्या आवणीत. बांधावरून पाय घसरला, मी वाचलो, तो खाचरात. बाया चिखलात हात घालून शोधत होत्या, रोपं उपटली जाऊ नयेत म्हणून जपून. सापडला तेव्हा लेन्स अर्धी बाहेर. बटण दाबलं तर घशात खडा अडकल्यासारखी घरघर. त्यानंतर ती मान आत गेली नाही, बाहेर आली नाही. कार्ड मात्र पुसून कोरडं केल्यावर चाललं. नवा घेतला नाही, कारण तोपर्यंत मोबाइल आला होता आणि त्यानं दोघांचाही निकाल लावला. जगभरचं हेच आहे. 2010 मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री बारा कोटींच्या वर गेली होती, 2023 मध्ये ती 80 लाखांच्या आत आली. आमच्या खात्यात आता फोटो मोबाइलवर, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासकट. 15 ऑगस्ट 2021 पासून तर ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं स्वतःच आपल्या पिकाचा फोटो काढून चढवायचा. मोठा कॅमेरा 2016 च्या पावसाळ्यात तांदळात गेला तो राहिलाच.

मागच्या वर्षी ऑगस्टात पुण्याहून भाची आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा व्हायच्या आत म्हणाली, "मामा, तुझ्याकडे जुना छोटा डिजिकॅम होता ना? तो दे." तिच्या मैत्रिणी म्हणे जुन्या बाजारात असले कॅमेरे शोधतात, त्या फ्लॅशचा, त्या रवाळ गालांचा फोटो आता भारी समजला जातो. मी कपाटातून राजूरच्या पेढ्याचं रिकामं खोकं काढलं. आत तो, मान अर्धी बाहेर. तिनं हातात घेऊन दोनदा बटण दाबलं आणि एवढा सुतकी चेहरा केला की मला त्याची पहिल्यांदाच दया आली.

मग फोटो बघू म्हणाली. मोठ्याचे फोटो तिनं भराभर सरकवले. "हे वॉलपेपर आहेत." मला लागलं, पण बोललो नाही. छोट्याच्या फोल्डरवर ती थांबली. "इतका पाऊस? एक जानेवारीला?" मग खुलासा, या वेळी तोंडी. एक फोटो तिनं मोठा केला. झोडणीच्या यंत्रापाशी उभा शेतकरी, खात्याला लागतो तसा. तिचं बोट मात्र त्याच्या खांद्यामागे. "हे काय आहे?" तिथं उघड्या दारातून आत कणगी दिसत होती, शेणानं सारवलेली, पुरुषभर उंच. शेजारी भिंतीला जातं टेकवलेलं, वर आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं. ते कौलारू घर आता नाही, तिथं घरकुलाची स्लॅब आहे. मी तिथं कणगीचा फोटो काढायला गेलोच नव्हतो. एवढ्याशा सेन्सरला जवळचं-लांबचं वेगळं करता येत नाही, सगळंच सारखं स्पष्ट उमटतं, म्हणून ती राहिली. मोठ्यानं हा फोटो काढला असता तर शेतकऱ्यामागे एक मऊ तपकिरी ढग असता, आणि मी त्याचं कौतुक केलं असतं.

"छोटा नाही तर मोठा तरी दे," भाची म्हणाली. आता द्यायला हरकत नव्हती. काळभाताचा डबा उघडला, तळातून पिशवी काढली, कोंडा झटकला. बॅटरी चार्ज केली, सुरू झाला, खट्याक आवाजही आला. पण फोटो काढला तर सगळ्या फोटोवर दुधाची साय. लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चपुढं धरली. आतल्या काचेवर मधोमध बारीक पांढरं जाळं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, टोकांना फुटवे फुटलेलं. बुरशी. माझ्या पट्ट्यावर होती तीच, किंवा तिची मावसबहीण. पावसाचा थेंब लागू नये म्हणून ज्याला नऊ वर्षं झाकून ठेवलं त्याच्या आत पावसाळा शिरून बसला होता. नाशिकचा कारागीर म्हणाला, काच उघडून साफ करता येईल, पण बुरशीनं वरचा लेप खाल्लाय, डाग राहील. दुरुस्ती सांगितली ती लेन्सच्या किमतीएवढी.

भाचीनं तरी तो नेला. दुधी फोटोही चालतात म्हणाली.

तुमच्या कपाटात असा एखादा पडून असेल तर आजच बाहेर काढा. लेन्स उतरवून टॉर्चच्या उजेडात आडवी-तिरपी धरून बघा, आत तंतू दिसले तर वाढायच्या आत दाखवून घ्या. एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या अधूनमधून बदला, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दोन-चार फोटो मारा. तांदळात मात्र ठेवू नका.